नवरात्राच्या धुण्यातला स्पंज

आक्का,

तुम्ही आता सुखात आहात, असं गेला महिनाभर येणारं-जाणारं प्रत्येक माणूस मला सांगतं. असाल. मला तुमच्याशी त्याबद्दल बोलायचं नाही. मला स्पंजाबद्दल बोलायचं आहे.

तोंडावर बोलायचं धाडस मला कधी झालं नाही. तुम्ही शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या, सगळ्या कसबा बावड्याच्या आक्का. मी कागलच्या बाजूच्या एका वाडीतली, चौथी झालेली. पाचवीचा वर्ग शेजारच्या गावात होता आणि ओढा ओलांडून पोरीला रोज पोचवायचं कुणी, एवढ्यावर माझी शाळा संपली. लग्न होऊन या घरात आले तेव्हा नवऱ्यापेक्षा मला नणंदेचीच जास्त भीती वाटली. ह्यांना तर तुम्हीच लहानाचं मोठं केलेलं. आई-वडील गेल्यावर तुम्ही स्वतः लग्न केलं नाही, भावाला शिकवलं, शिरोलीच्या कारखान्यात चिकटवलं, मला बघायला आलात तेही तुम्हीच. त्यामुळे या घरात शब्द तुमचा. मी इतक्या वर्षांत तुम्हाला एकदाही उलट बोलले नाही, याचं लोक आता कौतुक करतात. कौतुक कसलं? घशातनं आवाजच निघायचा नाही.

लिहिते आहे ते तुमच्याच वहीत, टाकीच्या. मागची पानं कोरी होती. माझं जोडाक्षर चुकलं तर चुकू दे. आता लाल पेन घेऊन कोणी बसलेलं नाही.

टाकी तुमच्या पलंगासमोर होती. आहे अजून. तीन फूट लांब, आत खरी झाडं. मासे पुष्कळ लोक पाळतात, पण झाडं लावलेली टाकी बावड्यात पहिली तुमचीच, असं तुम्ही सांगायचा. तळाला काळी माती, तिच्यावर वाळू, लांब पात्यांचं गवत, आणि मागच्या बाजूला एक बारीक पानांचं झुडूप. त्याला मी शेपू म्हणायची, त्यावर तुम्ही हसायचा. मला काचेला बाहेरून फडकं मारायची परवानगी होती, आत हात घालायची नव्हती. कोपऱ्यात हवेच्या नळीवर बसवलेला स्पंज होता, बुडबुडे काढणारा. त्याच्यातनं पाणी गाळलं जातं, एवढं बघून बघून मला समजलं होतं. आणि गाळणं धुवून ठेवायचं असतं, हे मला माझ्या आईनं शिकवलं होतं.

अकरा वर्षं झाली त्याला. घट बसायच्या आधी आपल्याकडं घरातली चिंधीसुद्धा न धुता ठेवत नाहीत. त्या वर्षीही वाकळा, चादरी, पडदे, बसकरं, सगळ्यांची गाठोडी बांधून मी बंधाऱ्यावर निघाले होते. तुम्ही शाळेत गेला होता. जाता जाता टाकीकडं बघितलं तर मासे वर येऊन पाण्याला तोंड लावून आ वासत होते. आदल्या दिवसापासून ते तसंच करत होते. तुम्हीही बघितलं होतं. टाकीजवळ गेलं की कुबट वास येत होता. मी वाकून हुंगलं तर वास स्पंजाचा. मला वाटलं गाळणं तुंबलं, बिचाऱ्यांना श्वास मिळेना. मी तो काढून धुण्यात घातला.

बंधाऱ्यावर साबण लावून तो मी वाकळेसारखा दगडावर आपटला. काळंकुट्ट पाणी निघालं. चार वेळा पिळला, उन्हात वाळवला, घरी आणून होता तसा नळीवर बसवला. पांढरा नव्हता मुळात, पण नव्यासारखा दिसायला लागला. खरं सांगते, मला आनंद झाला होता. वाटलं, तुम्ही आल्यावर म्हणाल, शालननं बरं केलं.

तुम्ही संध्याकाळी आलात. स्पंज बघितला, काढून नाकाला लावला.

"हे काय केलंस?"

"धुतला, आक्का. नवरात्राचं."

तुम्ही पलंगावर बसलात. मग म्हणालात, "यात जीवाणू असतात गं, चांगले. पण ते तुला सांगून काय कळणार?"

दोन दिवसांत सगळे मासे गेले. एकेक करून उलटे तरंगायला लागले. मी ते सुपलीत घेऊन परसात कढीपत्त्याच्या बुडाशी पुरले, आणि घट बसले त्या दिवशी देवीसमोर कान धरून उभी राहिले. इतके जीव माझ्या हातानं मेले, असं म्हणाले. मनातल्या मनात म्हणाले, कारण तुम्ही शेजारी होता. तुम्ही ऐकलं असतं तर काय केलं असतं, हे मला आता विचारायचं आहे.

नंतर त्याची गोष्ट झाली. पहिल्यांदा तुम्ही ती हळदीकुंकवाला सांगितली. मग शाळेतल्या बाई आल्या की सांगायचा, पाहुणे आले की सांगायचा, मी चहा घेऊन बाहेर आले की हमखास. "आमच्या शालननं जीवाणूंचं धुणं काढलं." दरवर्षी गोष्टीला नवं काहीतरी चिकटायचं. साबणाची वडी अख्खी झाली. मग मी स्पंजाला इस्त्री करणार होते असं झालं. एका वर्षी तर मी टाकीत नीळ ओतायला निघाले होते आणि तुम्ही दारातनं ओरडून थांबवलंत. मी नीळ ओतायला निघाले नव्हते, आक्का. तुम्हालाही ते माहीत होतं. पण लोक हसत होते, आणि मीही ट्रे धरून हसत होते. लोक हसतात तिथं आपण एकटीनं गप्प उभं राहायचं म्हटलं तर त्यालाही धाडस लागतं.

हसण्याचं मी सोसलं असतं. पण तुम्ही माझं शिकणं बंद केलंत. त्याच्या आधीचं एक वर्ष तुम्ही शाळेतनं आल्यावर मला समोर बसवायचा. पाचवीचं गणित झालं, अपूर्णांक आले, इंग्रजीची अक्षरं मोठी आणि लहान दोन्ही झाली. रोज तेवढा एक तास मी या घरात सून नव्हते, वहिनी नव्हते, कुणाची बायको नव्हते. मासे गेले त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी नेहमीसारखी वही घेऊन आले तर तुम्ही वर्तमानपत्रातनं मान वर न करता म्हणालात, "राहू दे शालन. हात चांगले आहेत तुझे. डोकं तेवढं गावाकडंच राहिलं."

मी वही पिठाच्या डब्यामागं ठेवली. नंतर तिला कसर लागली.

एवढं लिहिल्यावर दुसरंही लिहायला पाहिजे, नाहीतर मी तुमच्यासारखीच होईन. माझी दुसरी खेप वाया गेली आणि डॉक्टरांनी आता मूल नाही म्हणून सांगितलं, तेव्हा तुमची मावशी घरी आली होती. भावाचं दुसरं लग्न कर, पोरगी मी बघते, असं ती तुम्हाला सांगत होती. मी आत पडून होते, दार लोटलेलं होतं. तुम्ही तिला म्हणालात, "मावशी, चहा झाला असेल तर चप्पल घाला." बस. त्यानंतर मावशी या दारात आली नाही, आणि तुम्ही ही गोष्ट कधी कुणाला सांगितली नाही. मला सुद्धा नाही. तुम्ही रजा काढून दहा दिवस माझ्या उशाशी होता. अळिवाची खीर जळकी केली होती, तीच तुम्ही मला ओरडून ओरडून खायला लावली.

त्या एका वाक्यावर मी तुमची पुढची सगळी बोलणी झेलली. तुम्ही माझं घर राखलंत. मग माझी थोडी चेष्टा केली तर काय झालं, असं मी स्वतःला समजावत आले. मासे तर मी खरंच मारले होते ना.

शेवटच्या दुखण्यात तुम्ही पलंगावरून टाकी बघत पडायचा. एकदा माशांच्या शेपट्या कडेनं पांढऱ्या होऊन झडायला लागल्याचं तुम्हालाच दिसलं. तुम्ही ह्यांना खूण करून कपाटातल्या कॅप्सूल काढायला लावल्या. माणसांच्याच होत्या, लाल-पिवळ्या. कशा फोडायच्या, किती टाकायच्या ते बोटांनी दाखवलं. पाच दिवस ह्यांनी त्या टाकल्या. मी बाजूला तुम्हाला पेज भरवत होते. त्याच दिवसांत एकदा तुम्ही टाकीकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि ओठ हलवले. मी चमच्यानं पाणी पाजलं, तुम्ही प्यालात. आता मला कुणी म्हणेल की त्यांना काहीतरी सांगायचं असेल. मी त्याचा अर्थ काढत बसणार नाही. तुम्हाला पाणी पाहिजे होतं.

मग तुम्ही गेलात. घर माणसांनी भरलं. तिसऱ्या दिवशी रक्षा सावडून आल्यावर मी टाकीकडं बघितलं तर मासे वर आले होते, आणि पाण्याला तोंड लावून आ वासत होते. मी हळूच जवळ गेले. तोच कुबट वास.

आणि या वेळी मी स्पंजाला हात लावलेला नव्हता.

मी कितीतरी वेळ तिथं उभी होते. लोकांना वाटलं तुमच्या आठवणीनं. दोन मासे त्याच दिवशी मेले. पाचव्या दिवशी आणखी एक. तेव्हा मी स्पंज पिशवीत घातला, डोक्यावरनं पदर घेतला आणि मागच्या दारानं निघाले. शेजारच्या काकींनी गाठलंच. सुतकात बाजाराला कुठं, म्हणून विचारलं. मासे मरायलेत म्हटलं. घरातलं माणूस गेलंय आणि ही माशांचं काय घेऊन बसली, असं त्या मागं बोलत राहिल्या. मी आयुष्यात पहिल्यांदा एकटी बसनं शाहूपुरीत गेले. तुम्ही कधीतरी सांगितलेलं दुकान विचारत विचारत शोधलं.

दुकानदार इक्बालभाई. म्हातारा माणूस, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. मी काही बोलायच्या आत त्यांनी पिशवी उघडून स्पंज हुंगला.

"औषध टाकलंयसा काय टाकीत?"

मी कॅप्सूलचं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि मला स्टुलावर बसवून सांगितलं. माशांची घाण पाण्यात राहिली की तिचं विष होतं. स्पंजात आणि वाळूत राहणारे बारीक जीव ते विष खाऊन टाकतात. कॅप्सूल टाकली की रोगाचे जीव मरतात आणि हेही मरतात, तिला दोघांतला फरक कळत नाही. मग विष साठतं, मासे श्वासाला वर येतात. मेलेल्या स्पंजाला असा वास सुटतो. जिवंत स्पंजाला नांगरलेल्या मातीचा वास असतो. त्यांनी त्यांच्या टाकीतला एक काढून माझ्या नाकाशी धरला. खरंच तसा होता.

मी विचारलं, मग आता कसं? ते म्हणाले, "घरात दही लावतासा न्हवं? तसंच. माझ्या टाकीतला स्पंजाचा तुकडा देतो, त्यो तुमचं इरजाण. पर उकळत्या दुधात इरजाण घातलं तर लागतंय काय? आधी औषध भाईर काढा."

आक्का, मला तिथल्या तिथं सगळं कळलं. सगळं. मी लहानपणापासून दही लावते आहे. दूध किती कोमट पाहिजे, विरजण किती, ते कधी मरतं, कुणाच्या घरचं आणायचं, हे मला बोटाला कळतं. तुम्ही रोज दुपारी माझ्या हातचं दही खाल्लंत. आणि अकरा वर्षांत तुम्हाला हे एक वाक्य मला सांगता आलं नाही. तुला सांगून काय कळणार, म्हणालात. विज्ञानाच्या बाई तुम्ही.

उठताना इक्बालभाईंनी विचारलं, टाकी कुणाची. मी बावड्याच्या आक्का म्हटलं, त्या गेल्या म्हटलं. त्यांना वाईट वाटलं. मग म्हणाले, "आक्काबाईंना मागच्या बारीला बी हेच सांगिटलं हुतं मी. तवा सगळंच मासं मेलं हुतं त्यांचं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्यांनी दिलेली कोळशाची पिशवी घेऊन परत आले. ती चार दिवस पाण्यात सोडायची होती, औषध ओढून घ्यायला. रोज दोन-तीन बादल्या पाणी बदलायचं होतं. नळाच्या पाण्याला औषधाचा उग्र वास असतो, तेही जीवाणू मारतं, म्हणून पाणी आदल्या दिवशी भरून उघडं ठेवायचं. ते मी करत राहिले आणि चार दिवस ते वाक्य डोक्यात फिरत राहिलं.

नवव्या दिवशी तुकडा आणायला गेले तेव्हा धीर करून विचारलं. मागच्या वेळी आक्कांनी स्पंज आणला होता का?

इक्बालभाई हसले. आणला होता की, म्हणाले, असला चकचकीत की मी आक्काबाईंना विचारलं, ह्याला लगनाला न्यायचाय काय. घरात भावजयीनं धुतला, असं त्यांनी सांगितलं. मग इक्बालभाईंनी त्यांना विचारलं होतं, मासे वर कधी आले? धुवायच्या आधीच, म्हणाल्या. औषध घातलं होतं का? घातलं होतं, पाच दिवस.

"मग म्या म्हटलं, आक्काबाई, त्या माउलीवर कशाला घालतासा? धुणं बी बरं न्हवं. पर मेलेल्याला ती काय मारणार?"

मी विचारलं, मग आक्का काय म्हणाल्या? विषय बदलला म्हणे. जीवाणूंची बाटली मागितली. ती दुकानात नव्हती, म्हणून दोन दिवसांनी मागवून दिली. पुढं औषध टाकलंच तर ते संपल्यावर लगेच कोळसा सोडा, असंही बजावलं होतं म्हणे; या वेळी ते करायला तुम्ही उठू शकला नाहीत.

परत येताना बसमध्ये मी खिडकीशी बसले होते. मला रडू आलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी पुष्कळ रडले होते. मला तेव्हाचं ते रडणं परत घ्यावंसं वाटलं.

घरी येऊन तुमची ही वही काढली. रोज लिहिणारी बाई तुम्ही. पाण्याचा रंग, खाऊ किती टाकला, कुठल्या झाडाला नवीन पान फुटलं, सगळं तारखेनं. त्या नवरात्राच्या आधी भाद्रपदात एके ठिकाणी लिहिलंय, मॉली माशाची शेपटी झडते आहे, औषध सुरू. पुढचे पंधरा दिवस काही नाही. कोरं. मग एकदम, नवीन मासे आणले, पाणी उत्तम. म्हणजे लिहिताना खोटं तुमच्याच्यानं लिहवलं नाही. बोलताना मात्र दर वर्षी बोललात.

मी तो तुकडा दोऱ्यानं आपल्या स्पंजाला बांधला. खाऊ एक दिवसाआड चिमटीभर. तुमची रंग बघायची थेंबांची पेटी कुलपात होती, ती उघडली. नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे. पिवळं आलं तर बरं, हिरवं आलं तर विष. पहिला आठवडा हिरवंच. मग हळूहळू पिवळ्याकडं आलं तर दुसरी तपासणी जांभळी व्हायला लागली, तिथं निळं पाहिजे होतं. मी घाबरून पुन्हा इक्बालभाईंकडं गेले. ते म्हणाले, एक विष खाणारे आले, त्यांच्या मागनं दुसरं खाणारे येतात, दम धरा. दह्याला एक रात लागते, ह्याला महिना.

एका दुपारी दोन तास वीज गेली. हवा बंद पडली की स्पंजातले जीव गुदमरतात हे आता मला माहीत होतं. मी तांब्यानं टाकीतलंच पाणी वर घेऊन स्पंजावर सोडत बसले. हात भरून आले. तुमच्यासाठी करत नव्हते. माशांसाठीही नसेल. मला बघायचं होतं, माझ्या हातानं हे जगतं का.

जगलं. परवा दोन्ही नळ्या बघितल्या, एक पिवळी, एक निळी. स्पंज जरासा दाबून हुंगला. माती. शेपूला खालनं नवे कोंब आलेत. तुम्ही असता तर वहीत लिहिलं असतं. मी लिहिलं नाही, नुसती टाकीसमोर खाली बसले.

आणि आज तुमचा महिना होता. जेवायला तुमच्या शाळेतल्या चौघी आल्या होत्या. पाटीलबाई टाकीजवळ जाऊन म्हणाल्या, आक्कांनी किती सुंदर ठेवलीय बघा, गेल्या तरी त्यांचा हात दिसतो. मग डोळे पुसत पुसत हसल्या आणि म्हणाल्या, तो स्पंजाचा किस्सा आक्कांच्या तोंडून ऐकावा, पोट दुखायचं हसून. आणि सांगायला लागल्या. वाकळा, साबण, इस्त्री, नीळ. मी दारात वाढपाचं पातेलं घेऊन उभी होते.

मी पातेलं खाली ठेवलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

"बाई, स्पंज मी धुतला, ते खरं आहे. पण मासे त्याच्या आधीच मरायला लागले होते. आक्कांनी पाण्यात कॅप्सूल टाकल्या होत्या, त्यानं. आणि ते आक्कांना दुकानदारानं तेव्हाच सांगितलं होतं."

पाटीलबाई खाली बघून म्हणाल्या, अगं, आज तरी असलं बोलू नये. बाकीच्या तुमच्या फोटोकडं बघायला लागल्या, जणू तुमची माफी मागत होत्या. मला वाटलं आता जमीन फाटेल तर बरं.

तेव्हा हे बोलले. कधी चारचौघांत तोंड न उघडणारा माणूस. पाटावरनं मान वर करून म्हणाले, "खरं हाय ती म्हणती ते. जीवाणूची बाटली मीच आणून दिलती आक्काला. दुकानदारानं मला बी सांगिटलं हुतं."

माझी बाजू घेतली ह्यांनी. सगळ्यांसमोर. लग्नानंतर पहिल्यांदा. आणि त्याच बोलण्यात मला कळलं की अकरा वर्षं या घरात दोघांना माहीत होतं आणि मी तिसरी होते.

बायका लवकर उठून गेल्या. ताटं उचलताना मी ह्यांना विचारलं, मला का सांगितलं नाही?

"आक्का म्हणली, ऱ्हाऊ दे. आन् हसायची तर गोष्ट हुती. तू बी कधी इचारलं न्हाईस."

कसं विचारणार? ज्याला आपणच मारलं असं वाटतं, त्याला कुणी मारलं हे कोण विचारतं? मी ताटं घेऊन मोरीकडं गेले. त्यांच्याशी बोलायला मला पुढचे दिवस आहेत. ते जिवंत आहेत, त्यांना उत्तर द्यायला लागेल. तुमचं तसं नाही, म्हणून आधी तुम्हाला लिहिते.

तुम्ही असं का केलंत, ते मी गेले तीन आठवडे ताडून बघितलं. मला वाटतं तुम्हाला लाज वाटली. शहाण्या बाईनं आपल्याच हातानं मासे मारले, हे भावासमोर, शाळेसमोर कसं सांगायचं? मी समोर होतेच, हातात धुतलेला स्पंज घेऊन. पहिल्या दिवशी तुम्हालाही खरं माहीत नव्हतं, तो राग मी समजू शकते. दुकानातनं आल्यावर माहीत होतं. तेव्हा माझ्याशी बोलायचं राहिलं असेल. मग एक आठवडा गेला, मग हळदीकुंकू आलं, लोक हसले. मग ते परत घेणं अवघड झालं असेल. माझं शिकणं तुम्ही का थांबवलंत तेही आता दिसतं. पुढं पुस्तकात कधीतरी जीवाणूंचा धडा आला असता. तो मला कळला असता, आणि मी मान वर करून तुमच्याकडं बघितलं असतं.

पण आक्का, ज्या बाईनं मावशीला चप्पल घालायला सांगितली, तिला मला एवढं सांगायला काय झालं होतं? एकदा स्वयंपाकघरात येऊन, कोणी नसताना, पाठ करून का होईना, शालन, मासे माझ्यामुळे गेले, एवढं म्हणाला असता. मी भाकरी थापत असते. मला ठाऊक आहे मी काय म्हणाले असते. थापायचं न थांबवता म्हणाले असते, असू दे, आक्का. आणि त्या दिवशी ते खरंच असू दिलं असतं.

आता पाटीलबाईंना खरं कळलंय, ह्यांना बोलायला लागलंय, माझं नाव निर्मळ झालंय. पण 'असू दे' हे दोन शब्द तुम्ही माझ्याकडून कधी घेतलेच नाहीत, आणि तुमच्या फोटोला हार घालताना ते मला म्हणता आले नाहीत. अजून येत नाहीत.